विजेवरचा हुरडा

यंदाही हुरडा आला. सोलापूरकडून येणाऱ्या गाडीनं ओळखीचा एक मुलगा दिल्लीला परतत होता, त्याच्याबरोबर आईनं गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं पाठवली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, वरून गोणपाट. ओट्यावर गाठोडं सोडलं आणि स्वयंपाकघरात हिरवा, दुधाळ वास पसरला. खिडकी मात्र उघडता येत नव्हती. बाहेर गुरुग्रामचं ते राखाडी आकाश, ज्याला इथले लोक आता एक ऋतूच मानतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत इथली हवा माणसाला खायला उठते.

हुरड्याचा वास आला की माझ्या मराठी मैत्रिणींना गाव आठवतं, रान आठवतं. मला पाटणकर साहेब आठवतात. गोड आठवण नाही ती. दाढेखाली खडा यावा तशी आहे.

हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील बार्शीच्या बाजारात पोती उचलतात. त्यांनी मला एवढंच शिकवलं होतं, की राग आला तर पाणी प्यावं. त्या हिवाळ्यात मी खूप पाणी प्यायले.

मी दिल्लीला शिकायला आले ती मामाच्या भरवशावर. मामा एका मंत्रालयात गाडी चालवायचा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याचं आयुष्य गेलं. तो सांगतो, त्याच्या तरुणपणी देशात परदेशी कंपन्या येऊ लागल्या तेव्हा साहेब लोक सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन गुडगावला प्लॉट बघायला जायचे. पांढरी अँबेसेडर मोहरीच्या शेताच्या कडेला उभी राहायची. साहेब बांधावर उभे राहून हातानं हवेत चौकोन काढायचे, इथे बेडरूम, इथे गॅरेज. मामा गाडीत बसून असायचा. त्याला तेव्हा मोहरी दिसायची. आज त्या जागी काचेचे मनोरे आहेत, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा त्यांच्याच मागच्या एका जुन्या गावात, गल्लीतल्या दोन खोल्या मामानं भाड्यानं घेतल्या.

निवृत्तीच्या पैशातून त्यानं विजेवर चालणारी व्हॅन घेतली. मामी कितीतरी दिवस बोलली नाही त्याच्याशी.

"पेट्रोलची घ्यायची ना. ही काय मिक्सरसारखी प्लग लावून चालवायची?"

"अगं, धुराच्या दिवसांत डिझेलवाले घरी बसतात. ही चालते बिल्कुल," मामा म्हणायचा.

त्याचं खरं निघालं. विजेची गाडी कामाला परवडते का, असं मला आजही लोक विचारतात. कॉलेजात एकदा या विषयावर वर्गासमोर बोलायची पाळी आली तेव्हाही विचारलं. मी जे पाहिलं ते सांगते. सामान पोचवायला ती फार चांगली. दर गेटवर थांबायचं, पुन्हा निघायचं, यात तेल जळत नाही आणि पहाटे कुणाची झोपही मोडत नाही. मामा मागची बाकं काढून भाजीचे क्रेट भरायचा, त्यावर मामीच्या पोळी-भाजीचे डबे. ऑफिसच्या वेळी बाकं परत बसवायची आणि मेट्रो स्टेशनपासून नव्या सेक्टरांपर्यंत माणसं सोडायची. तिथे मेट्रो पोचत नव्हती, बस आली तर आली. माणसं न्यायलाही ती चांगली, असं मी म्हणेन. तंबू घेऊन रानात मुक्कामाला जायला चांगली का, या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही बरोबर कुणाला नेता त्यावर आहे. वर्गात मुलं हसली होती. मी गंमत करत नव्हते.

गाडीची एकच अडचण. तिला रोज कुणाच्या तरी भिंतीतली वीज लागते. आमच्या गल्लीत वीज जायची, तारा लोंबायच्या, आणि मालक म्हणायचा, "भाईसाब, मीटर जल जाएगा." मग शुभांगीताईंनी सोय केली. त्या एका मोठ्या सोसायटीत राहायच्या. मामा त्यांच्या मुलीला शाळेत सोडायचा, त्याच्या बदल्यात दुपारी त्यांच्या पार्किंगमधल्या प्लगला गाडी लावायची. तो प्लग त्यांच्याच मीटरवर होता. सगळं चोख.

त्याच सोसायटीचे सेक्रेटरी पाटणकर साहेब. मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर. तिथल्या मराठी मंडळाचेही तेच अध्यक्ष, गणपतीच्या आरतीला ताट धरायला पहिला हात त्यांचा.

दिवाळीच्या थोडं आधीची दुपार. मी कॉलेजातून थेट तिथेच गेले होते, मामीनं केलेल्या फराळाचे डबे वाटायला मामाच्या मदतीला. तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले तर साहेबांनी स्वतःच्या हातानं प्लग उपटलेला. वायर मामाच्या पायाशी पडलेली, शेजारी गार्ड उभा.

"किती दिवस चाललंय हे?" साहेब मराठीत विचारत होते. "मराठी माणूस म्हणून गेटमधून आत घेतलं, आणि तुम्ही सोसायटीची वीज चोरता?"

"साहेब, ते शुभांगीताईंचं..."

"सगळ्या चोरांकडे कुणाचं तरी नाव असतं."

शुभांगीताई ऑफिसात होत्या, फोन लागत नव्हता. साहेबांनी मामाला गेटपाशी उभं राहायला सांगितलं, आणि तो उभा राहिला. आयुष्यभर साहेबांनी थांब म्हटलं की थांबण्याची सवय. लोक येत होते, जात होते. ज्यांच्या घरी त्यानं सकाळीच चकल्यांचे डबे दिले होते तेही. कुणी काही विचारलं नाही. एका बाईंनी मुलाला त्याच्यापासून जरा दूर धरलं, एवढंच. मी मामाच्या शेजारी उभी होते, हातात उरलेले डबे. काय बोलावं ते सुचत नव्हतं. राज्यशास्त्राच्या वर्गात मी नागरिकांच्या हक्कांवर चार पानं न अडखळता लिहीत असे.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या गाडीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, वीजचोरीपासून सावध राहा. शुभांगीताईंनी घरी येताच खुलासा केला. साहेबांनी फोटो काढून टाकला आणि लिहिलं, गैरसमज झाला होता, विषय संपला.

विषय त्यांचा होता, म्हणून त्यांनी संपवला. मामाला ना फोन आला, ना गेटवर कुणी दोन शब्द बोललं. "चूक झाली" हे दोन शब्द. मला तेवढेच हवे होते, आणि ज्यांच्यासमोर मामा उभा राहिला त्यांच्यासमोर हवे होते.

मी मामाला म्हटलं, "तू जाऊन भांड ना."

"सोडून दे," तो म्हणाला. "गाडी चालवणाऱ्यानं मागचं आरशात बघावं, पण मान वळवून बघू नये."

मला मान वळवूनच बघायचं होतं. मेट्रोत उभी असताना मी सुडाचे बेत करायची. साहेबांच्या गाडीची हवा सोडू. मंडळाच्या सभेत उठून बोलू. या दुसऱ्या बेतासाठी मी मनात भाषणही तयार केलं होतं, त्यात "महोदय" शब्द फार वेळा यायचा. मला शिवीसुद्धा नीट देता येत नाही, हे तेव्हा कळलं. पुस्तक उघडलं की अक्षरांच्या जागी ती वायर दिसायची. राग इतके दिवस ताजा राहू शकतो हे मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो मला सोबत वाटू लागला होता. परक्या शहरात माझ्या हक्काचं असं फार काही नव्हतं. हा राग होता.

मग जानेवारी आला आणि मंडळाला हुरड्याची लहर आली. अरवलीच्या पायथ्याशी, सोहना गावाच्या पुढे कुणाच्या तरी ओळखीचं एक मोकळं रान होतं. शनिवारी दुपारी जायचं, तंबू ठोकायचे, हुरडा खायचा, रविवारी सकाळी परत. धुरामुळे साहेबांच्या मोठ्या डिझेल गाडीला रस्त्यावर यायला बंदी होती. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, आपण सगळे एकाच विजेच्या गाडीनं जाऊ, पर्यावरणस्नेही सहल. फोन त्यांनी केला नाही. पाटणकर काकूंना करायला लावला.

"मामा, येणार ना तुम्ही? आणि हुरडा तुमच्या गावाकडचा मिळेल का?"

मामा म्हणाला, "येईन की. हुरडाही मागवतो."

फोन ठेवल्यावर मी त्याच्याशी भांडले. मामी म्हणाली, "गिऱ्हाईक आहे. राग खाऊन पोट भरतं का?" मी म्हटलं, मग मीही येते. हुरडा चोळायला माणूस लागेलच.

शुभांगीताई, त्यांचे यजमान आणि मुलगी, साहेब आणि काकू, वरच्या मजल्यावरचं एक जोडपं. शुभांगीताईंचं घर सोडलं तर सगळे त्या दुपारी गेटवरून गेलेले. गाडी आवाज न करता निघाली आणि सगळे म्हणाले, किती शांत आहे ना. मी पुढे मामाच्या शेजारी बसले होते. समोर पडद्यावर बॅटरीचा आकडा. गाडी भरलेली होती, आकडा भरलेला होता. मामानं गणपतीच्या वेळी गाडीत मागे एक इन्व्हर्टर बसवून घेतला होता. गाडीच्याच बॅटरीवरून घरातल्यासारखी वीज, दोन प्लग. मिरवणुकीच्या दिव्यांसाठी केलेली सोय, पण ती ऐकून साहेबांचा चेहरा फुलला.

रानात पोचल्यावर मी आगटी खणायला खुरपं काढलं. हुरडा म्हणजे जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, आणि धगीत खुपसलेली कणसं. साहेबांनी हात वर केला.

"नो, नो, बेटा. उघड्यावर जाळायला बंदी आहे. मी सेक्रेटरी आहे, माझ्या हातून नियम मोडायचा नाही. आपण इलेक्ट्रिक हुरडा करू."

त्यांनी घरून विजेचा तंदूर आणला होता. शिवाय किटली, गाण्यांचा मोठा स्पीकर, माइक, रंगीत दिव्यांच्या माळा आणि तंबूसाठी रूम हीटर. सगळं एकेक करून त्यांनी आमच्या गाडीच्या प्लगांना जोडलं, मध्ये एक लांब बोर्ड लावून. ते प्लग लावत होते ते मी बघत होते. फार सराईतपणे लावत होते. विचारलं नाही. मामा म्हणाला, "लावा, साहेब."

तंदुरात कणसं भाजली जात नव्हती. उकडल्यासारखी होत होती. धूर नाही, राखेचा वास नाही, दाणा चिकट. मी ती तळहातावर चोळत होते. चटका मात्र खऱ्या हुरड्याइतकाच बसत होता. पद्धत अशी, की चोळणाऱ्यानं स्वतः आधी खायचं नाही. पाहुण्याच्या हातावर दाणे ओतायचे, तो पुरे म्हणेपर्यंत. साहेब पुरे म्हणत नव्हते.

"वा. गावाकडच्यासारखाच," ते म्हणाले. शेंगदाण्याची चटणी लावून त्यांनी आणखी हात पुढे केला.

काकू हळूच म्हणाल्या, "कसला गावाकडचा. मक्याच्या उसळीसारखा लागतोय."

"तुला काय कळतं? तू दादरची."

सगळे हसले. मीही हसले असेन. मग साहेबांनी माइक हातात घेतला. त्यांचा आवाज वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागेल. ऊन कलताच थंडी जमिनीतून वर आली. आम्हा सोलापूरकडच्या माणसांना थंडी म्हणजे पहाटेची शाल वाटते. इथली थंडी हाडांत शिरते, आणि बॅटरीतही शिरते. हे मला पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं. गारठ्यात तोच आकडा भराभर खाली येतो.

चहाचे कप आणायला म्हणून मी पुढच्या सीटवर गेले आणि चावी फिरवली. आकडा अर्ध्याखाली होता. पुन्हा तंदूर लागला, किटली दुसऱ्यांदा उकळली. मी पुन्हा गेले. मग त्यांच्या तंबूत हीटर सुरू झाला.

घरी परतायला किती लागेल याचा अंदाज मला होता. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, हीटर बंद करा, नाहीतर सकाळी गाडी हलणार नाही. वाक्य ओठांवर आलं. सवयीनं आलं, मी आयुष्यभर उपयोगी पडणारी मुलगी आहे. पण समोर ते प्लग दिसत होते, आणि मी वाक्य गिळलं. पाण्याशिवाय गिळलं. किती दिवसांत पहिल्यांदाच मला छातीत हलकं वाटलं. चोरीची वीज नको होती ना तुम्हाला, साहेब? घ्या, दिलेली घ्या. शेवटच्या थेंबापर्यंत घ्या.

त्या रात्री मला उत्तम झोप लागली.

सकाळी धुकं इतकं की तंबूला तंबू दिसेना. मामानं चावी फिरवली. गाडी दहा पावलं सरकली, कच्च्या वाटेवर आली, आणि थांबली. पडद्यावर लाल कासवासारखं एक चिन्ह. मामा शांतपणे म्हणाला, "साहेब, बॅटरी संपली."

"संपली म्हणजे?"

"वापरली ना रात्री."

सगळ्यांनी फोन काढले. त्या वाटेवर धुक्यात यायला एकही कॅब तयार होईना. काल येताना थोडं अलीकडे एक वीटकामाचं घर दिसलं होतं, शेजारी ट्यूबवेलची खोली. मामानं चार्जिंगची वायर खांद्यावर घेतली आणि आम्ही सगळेच त्याच्या मागे निघालो, कारण तिथे थंडीत बसून काय करणार.

अंगणात एक म्हातारी म्हशीला वैरण टाकत होती. मागे तिचा मुलगा. मामाला आणि त्याच्या खांद्यावरच्या वायरला बघून तिनं वैरणीची पाटी खाली ठेवली.

"के चाहिए?"

मामानं सांगितलं. गाडीला थोडी वीज हवी, जे होईल ते देऊ.

"पिछले महीने म्हारे ट्यूबवेल की केबल काट ले गे चोर," ती म्हणाली. तिची नजर मामावरून हलत नव्हती. मग ती साहेबांकडे वळली. त्यांचं जाकीट चांगलं होतं, ते तिला मालक वाटले असावेत. "यो थारा आदमी सै?"

साहेब म्हणाले, "जी, हमारे साथ हैं."

"जाणै सै तू इसनै? चोर तो ना सै?"

शुभांगीताई साहेबांकडे बघत होत्या. वरच्या मजल्यावरचं जोडपं जमिनीकडे. काकूंनी शाल घट्ट ओढून घेतली. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पापणी न लववता. हा चेहरा मला पाठ करायचा होता.

"नहीं," ते म्हणाले.

"ऊँचा बोल. म्हारा छोरा भी सुण ले. कल को केबल गई तो तन्नै पकड़ूँगी."

"चोर नहीं हैं," साहेब मोठ्यानं म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "ईमानदार आदमी हैं. मेरी ज़िम्मेदारी."

म्हातारीनं मान हलवली आणि ट्यूबवेलच्या खोलीची कडी काढली. तिच्या मुलानं ट्रॅक्टर जोडून आमची गाडी खोलीपर्यंत ओढून आणली. मामा आत गेला. वायर कुठे लावायची हे त्यानं तिला विचारलं, तिनं बोट दाखवल्यावरच लावली.

गाडी घरी पोचण्याइतकी भरायला वेळ लागला. अंगणात एकच खाट होती, तिच्यावर मामा आणि साहेब शेजारी शेजारी बसले. म्हातारीनं बाजरीची भाकरी आणि ताक दिलं, आधी मामाला. साहेब भाकरीचा तुकडा हातात धरून धुक्याकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील. आता मराठीत, हळू आवाजात का होईना, म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "अजून किती वेळ?"

म्हणजे माफी आलीच नाही. यंदा ओट्यावर कणसं सोडताना मी पुन्हा मोजून बघितलं, राग कमी झालाय का. थोडा झालाय, पण संपलेला नाही. मला शब्द मराठीत हवे होते, मामाच्या तोंडावर हवे होते. मिळाले ते हिंदीत, एका म्हातारीच्या धाकानं, वीज हवी होती म्हणून. कधी वाटतं, पुष्कळ झालं. कधी वाटतं, उधारीवर दिलेली भाकरी ती, पोट कसं भरेल? मनाचा मोठेपणा दाखवून मी हे इथेच मिटवावं असं कुणी म्हणेल. मला तो मोठेपणा अजून जमत नाही, आणि खोटा दाखवायचा नाही.

त्या रविवारी सोसायटीच्या गेटवर सगळ्यांना उतरवलं. तंदूर, स्पीकर, हीटर, सगळं गार्डनं उतरवून घेतलं. मग मामा आणि मी दोघंच गल्लीकडे निघालो. धुकं विरलं होतं, मनोऱ्यांच्या काचांवर पिवळं ऊन आलं होतं.

"आशे," सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "काल तू दोनदा चावी फिरवून आकडा बघितलास."

"हो."

"मग बोलली नाहीस साहेबांना."

"नाही बोलले." मी खाली बघत होते. तळहातावर हुरड्याच्या चटक्यांचे लाल डाग होते. आता सोडून द्यायला शिक म्हणून सांगेल, असं वाटलं.

सिग्नल हिरवा झाला. गाडी आवाज न करता पुढे सरकली.

"मी चारदा बघितला," मामा म्हणाला.